तेराव्या दिवसाची घट

पाठ्यपुस्तक, पान दोनशे तेहतीस : ‘दुसऱ्या आठवड्यात बालकाचे वजन एकाएकी उतरते. हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. पालकांना धीर द्यावा.’

*

आंबेखोऱ्याच्या चढावर एसटी थांबत नाही, नुसती दमते.

*

काट्यावरचा आकडा माणसाने वाचला की तो पाचावर नाहीतर शून्यावर जाऊन टेकतो. काटा कुठेही असो.

*

यमुनाबाई भोये यांनी जन्मात सुपारी खाल्लेली नाही.

*

डोंगरातली बाळं चिवट असतात. हे वाक्य चौदा शोधनिबंधांत आहे, थोडेफार शब्द बदलून.

*

मिथिलाने मुलीचं नाव ठरवलेलं नाही. म्हणते, “आधी तिला श्वास घ्यायची सवय तर लागू दे.”

*

तिसऱ्या हाताचं

सोमवारी सकाळी दहा चाळीसला डॉ. फिरोज मणियार चार जिने चढून ग्रंथालयात आले. नाशिकच्या त्या बालरुग्णालयात हेमांगी निमसे सतरा वर्षं काम करत होती, पण नवजात विभागाचे प्रमुख आपल्या पायांनी ग्रंथालयात आलेले तिने पाहिले नव्हते. एरवी लिफ्टमध्ये गाठ पडली की ते विचारायचे, “काय म्हणतंय कागदांचं ज्योतिष?” आणि ती म्हणायची, “तुमचा शनी वक्री आहे.”

आज त्यांनी काही विचारलं नाही. दारातूनच म्हणाले, “निमसे मॅडम, औषधाचं कपाट उघडत नाहीये.”

“कुठलं औषध?”

“नेवोरिन.”

हेमांगी उठून उभी राहिली. नेवोरिन विभागात सध्या एकाच बाळाला लागणार होतं आणि ते बाळ तिच्या मुलीचं, मिथिलाचं होतं. शनिवारी दुपारी, अडीच महिने आधी आलेलं. वजन नऊशे चाळीस ग्रॅम.

इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. बाळ श्वास घेतं, घेतं आणि मध्येच विसरतं. वीस सेकंद, तीस सेकंद छाती हलत नाही, ओठ निळे पडू लागतात. मग नर्स तळपायाला टिचकी मारते आणि बाळ दचकून पुन्हा सुरू करतं. नेवोरिन त्या केंद्राला जागं ठेवतं. रोज एक डोस, महिनाभर. तोवर मेंदू आपलं आपण शिकतो.

“कालपासून अकरा वेळा थांबली,” मणियार म्हणाले. “अजून टिचकीला उठते आहे. दमली की उठणार नाही. मग व्हेंटिलेटर, आणि एवढ्याशा फुप्फुसांवर व्हेंटिलेटर म्हणजे... तुम्हाला मी काय सांगू.”

“कपाट काय म्हणतंय?”

“कपाट काय म्हणणार? तुमचं उगम मध्ये आडवं पडलंय.”

उगम ही गेल्या महिन्यापासून सक्तीची झालेली यंत्रणा. २०३० नंतर शोधनिबंध लिहिणारी यंत्रं इतकी स्वस्त झाली की दिवसाला हजारो निबंध बाहेर पडू लागले. सगळे नीटनेटके, सगळ्यांच्या शेवटी लांबलचक संदर्भसूची. हा त्याचा हवाला द्यायचा, तो तिसऱ्याचा, आणि शेवटी पाहावं तर प्रयोग कुणी केलेलाच नसायचा. हृदयाच्या एका औषधाने माणसं मेली तेव्हा कायदा आला : औषधाची मात्रा ज्या आकड्यावर उभी आहे तो आकडा कुणीतरी स्वतः मोजल्याचं सापडलं, तरच कपाट उघडेल.

उगम दोन कामं करतं. एक, ते हवाल्यांच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जातं, जिथे पुढे कुणाचाच हवाला नाही अशा जागेपर्यंत. दोन, तिथले आकडे ते हुंगतं. खऱ्या मोजमापाला एक वास असतो. माणूस वाचताना पाचाकडे, शून्याकडे झुकतो. घाईच्या दिवशी जास्त झुकतो. घरी बसून रचलेले आकडे उलट फार गुणी असतात, सगळीकडे सारखे पसरतात. नक्कल केलेल्या आकड्यांची आणखी वेगळी गत. यंत्राला हे फरक कळतात.

दर वर्षी नव्या डॉक्टरांना हेमांगी हेच आपल्या पद्धतीने सांगायची. “लग्नात जो पंगतीला बसला तो प्राथमिक स्रोत. त्याचं ऐकून ‘मठ्ठा पातळ होता’ असं गावभर सांगणारा दुय्यम. आणि गावातल्या सगळ्या लग्नांचे मठ्ठे एका तक्त्यात मांडणारा, तो तृतीयक. तक्ता सगळ्यांत सोयीचा असतो. पण मठ्ठा प्यायलेला असतो एकच जण.”

पोरं हसायची. परीक्षेत बरोबर लिहायची. आणि नोकरीला लागली की तक्ता उघडायची.

जिथे यंत्राचं अडतं तिथे माणसाची सही लागते. त्या माणसाला स्रोत-पारखी म्हणतात. या रुग्णालयात ती हेमांगी.

“माझीच नात आहे, डॉक्टर. माझी सही चालेल?”

“जिल्ह्यात दुसऱ्या एक पारखी आहेत. त्या मनालीला गेल्यात. फोन लावला मी. म्हणाल्या, नेटवर्क तुटतंय, आणि तुटलं. कायद्यात नातेवाईक नको असं कुठे लिहिलंय का?”

“नाही. एवढा विचार कुणी केला नसेल.”

तिने पडदा उघडला.

नेवोरिन. एक किलोखालील बालके. मात्रा : प्रतिकिलो ६ मिलिग्रॅम.
तृतीयक स्रोत : ३८
दुय्यम स्रोत : ३७४
प्राथमिक स्रोत : १
प्राथमिक स्रोतात अंतर्गत विसंगती. पारखीचा निर्णय आवश्यक.

मणियार तिच्या खांद्यावरून वाचत होते. “एक?” ते म्हणाले. “चारशे जणांनी लिहिलंय आणि मोजलंय एकाने?”

“चारशे बारा,” हेमांगी म्हणाली.

दुसऱ्या हाताचं

ती भरभर वाचत गेली. सतरा वर्षांची सवय. सारांश नाही, निष्कर्ष नाही, तक्ते आणि तळटिपा.

सगळे दुय्यम निबंध तीन गोष्टी सांगत होते. एक, मात्रा प्रतिकिलो सहा. दोन, जगभरात हे औषध दहातल्या सहा बाळांना लागू पडतं. मूळ अभ्यासात मात्र चौतिसांपैकी एकतीस बाळांना लागू पडलं होतं, कारण ती डोंगरातली बाळं, चिवट. तीन, दुसऱ्या आठवड्यात वजन उतरतं.

“डॉक्टर, ही दुसऱ्या आठवड्यातली घट. तुम्ही किती वेळा पाहिलीत?”

मणियारांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“किती बाळांना दिलंत नेवोरिन?”

“दोनशे तरी असतील.”

“आणि घट?”

“नाही पाहिली,” ते म्हणाले. “मला वाटायचं, आपल्याकडे आईचं दूध नळीने वेळेवर जातं, म्हणून दिसत नसेल. मी एका परिषदेत तसं सांगितलंही होतं.”

“तो निबंध इथे आहे. दुय्यम, क्रमांक दोनशे एक.”

ते खुर्चीत बसले.

खाली चौतीस बाळांचा मूळ निबंध होता. २०२१ साल. लेखक डॉ. श्रीरंग दाभाडे, सहा वर्षांपूर्वी वारलेले. २०१९-२० मध्ये आंबेखोरे आणि आसपासच्या पाड्यांवर घरी जन्मलेली लहानखुरी बाळं. प्रत्येकाला ड्रॉपरच्या लाल खुणेपर्यंत औषध, म्हणजे दहा मिलिग्रॅम, रोज. बाळांचं सरासरी वजन एक हजार सहाशे ऐंशी ग्रॅम. दहा भागिले एक पूर्णांक अडुसष्ट. साधारण सहा. पुढे हाच सहाचा आकडा एक किलोखालच्या बाळांनाही लावला गेला, कारण दुसरा आकडा कुणाकडेच नव्हता. ‘वजने स्थानिक आरोग्यसेविकेने घेतली.’ तिचं नाव आभारांत, शेवटून दुसरं, ड्रायव्हरच्या आधी.

उगमने आकडे हुंगून निर्वाळा दिला होता : खरे. पाचाकडे झुकलेले, पावसाळ्यात जास्त झुकलेले. कुणीतरी खरंच त्या काट्यासमोर उभं होतं.

“मग अडलंय कुठे?” मणियार म्हणाले. “खरे आहेत ना? प्राथमिक आहे ना? दाबा ‘ग्राह्य’. कपाट उघडेल.”

“विसंगती म्हणतंय.”

“अहो, विसंगती कशात नसते? माझ्या घरच्या रेशनकार्डात आहे.”

तिने बटणाकडे हात नेला. खरंच नेला. मग तिला निबंधाला जोडलेली नोंदवही दिसली. वहीचीच छायाचित्रं, निळ्या शाईची, कोपऱ्याला पाणी लागलेली. निबंधात आठवड्यांच्या सरासऱ्या होत्या. वहीत रोजचं होतं.

बाळ क्रमांक एक. दिवस अकरा : १५६५. दिवस बारा : १५८०. दिवस तेरा : १३१०.

बाळ क्रमांक दोन. दिवस बारा : १७२५. दिवस तेरा : १४५०.

बाळ क्रमांक तीन. दिवस तेरा.

बाळ क्रमांक चार. तेरा.

औषध कुणाला तिसऱ्या दिवशी सुरू झालं होतं, कुणाला आठव्या. घट मात्र तेराव्याच दिवशी. साधारण पावणेतीनशे ग्रॅम, एका रात्रीत. आणि चौदाव्या दिवसापासून वजन पुन्हा शहाण्यासारखं वाढत गेलेलं. चौतिसांपैकी तेहतीस बाळं. एकट्या क्रमांक एकोणीसला घट नव्हतीच.

“असं कुठलं औषध असतं,” हेमांगी म्हणाली, “ज्याला कॅलेंडर कळतं?”

मणियारांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ खाली नेली. त्यांचं बोट तेराव्या बाळापाशी थांबलं. त्यांनी ते उचललं नाही.

तेवढ्यात मिथिलाचा फोन.

“आई, बारावी वेळ. या वेळी दोन टिचक्या लागल्या. नर्स म्हणते औषध तुझ्याकडे अडलंय?”

“माझ्याकडे नाही गं, मी बघतेच आहे.”

“काय बघतेस?”

“आकडे जुळत नाहीत, मिथिला. मात्रा चुकीची असेल तर...”

“असेल! असेल म्हणजे काय? तू तिथे वाचत बसलीयेस?” मिथिलाचा आवाज एकदम खाली आला. “तुला खरं पाहिजे. मला ती पाहिजे.”

फोन बंद झाला.

मणियार उठले होते. “मॅडम, मी सांगतो तुम्हाला. सहा तर सहा. आत्ता देऊ, बाकीचं संध्याकाळी बघू.”

“संध्याकाळी वाढवून देता येईल?”

ते थबकले. नेवोरिन रक्तात फार रेंगाळतं; एकदा दिलं की चोवीस तास दुसरा थेंब देता येत नाही. आणि त्याला उंबरठा आहे. पातळी उंबरठ्याच्या वर गेली तर श्वास चालतो. थोडी खाली राहिली तर थोडा चालतो असं नाही, चालतच नाही.

“म्हणजे आकडा एकदाच निवडायचा,” हेमांगी म्हणाली. “मला वीस मिनिटं द्या.”

“वीस. एकविसाव्याला मी व्हेंटिलेटर लावायला घेणार.”

पहिल्या हाताचं

आरोग्य खात्याच्या निवृत्तांच्या यादीत नंबर होता. तिसऱ्या वेळी उचलला गेला. पडद्यावर आधी पत्रे दिसले, मग आभाळ, मग साठीतली एक बाई. कपाळावर गोंदण, चष्म्याला दोरी.

“कोण निमसे? आमच्यात निमसे कुनी नाय.”

“यमुनाताई, मी नाशिकच्या रुग्णालयातून बोलतेय. तुम्ही दाभाडे डॉक्टरांबरोबर...”

“सायेब तं वारले ना बाई. मी गेल्ते दहाव्याला. कागद पायजे का काही? माज्याजवळ काय नाय, सगळा त्यायनीच नेला.”

“कागद आहे माझ्यापुढे. तुमची वही. तुमचंच अक्षर ना हे?”

तिने पान पडद्यावर धरलं. यमुनाबाईंनी चष्मा पुसला. “माजंच. पावसात भिजलीती ती. चुलीपाशी वाळवली.” आणि जरा ताठ होऊन, “एक बी दिवस चुकवला नाय मी. ओढ्याला पूर व्हता तरी.”

“ते दिसतंय. वजन कसं करायचात ते सांगता मला? सगळं, अगदी पहिल्यापासून.”

“कसं म्हंजे? काटा आढ्याला टांगायचा. रिकामी झोळी अडकवायची, काटा सुन्यावर आनायचा. मंग बाळ ठेवायचं. सायेबांनी शिकवलं तसंच.”

“बाळाला कपडे?”

“नागडं. सायेबांचा हुकूम.”

मणियारांनी घड्याळ दाखवलं. अकरा मिनिटं गेली होती.

“यमुनाताई, तेराव्या दिवशी काय वेगळं करायचात?”

“तेराव्याला काय नाय.”

“आठवून बघा. बारा दिवस एक, आणि तेराव्यापासून...”

“बाराव्याला बारसं असतंय. घुगऱ्या वाटत्यात. मला बी द्यायचे. मंग तेराव्याला काय, काय नाय. तसंच वजन. फक्त लोखंड नसायचं.”

हेमांगीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “काय नसायचं?”

“लोखंड. बारशापातूर बाळाजवळ लोखंड असतंय ना बाई. तुमच्यात नाय ठेवत? उशाला विळा नायतं सुरी. बाळ उचललं की ते बी उचलायचं. बिनलोखंडाचं पाळण्यातून बाहेर नाय काढू देत आया. मला म्हनायच्या, ‘वजन कर, पन लोखंडासंगं कर.’ आता झोळीत विळा ठेवला तं बाळाच्या डोळ्याला लागंल का नाय? मंग मीच एक अडकित्ता घेतला बाजारातून. बोथट, मिटून ऱ्हातो. पिशवीतच असायचा माज्या. झोळीच्या घडीत टाकायचा, वर बाळ ठेवायचं. आया खुश, मी बी खुश.”

मणियार हळूच पुन्हा खुर्चीत बसले, जणू खाली काहीतरी काचेचं होतं.

“साहेबांना सांगितलं होतंत?” हेमांगीने विचारलं.

“त्यायनी कुठं इचारलं? झोळीचं वजन वजा केलं का म्हनले, केलं म्हनलं. लोखंड तं बाळाचंच ना.”

“एकोणीस नंबरचं बाळ. आठवतं?”

“लिष्ट कुठं आठवती बाई. घर सांगा.”

“बारकूपाडा. वडिलांचं नाव वही म्हणते लहानू गावित.”

“गावित गुरुजी!” यमुनाबाई हसल्या. “शाळेतले. ते म्हनले असलं थोतांड माज्या घरात नको, ठेव तो अडकित्ता बाहेर. त्यांचंच एक बिनलोखंडाचं.”

हेमांगीने पेन उचललं. घाईत आकडे वाकडे आले.

सरासरी नोंदलेलं वजन : १६८०
त्यातून अडकित्ता : ?

“यमुनाताई, तो अडकित्ता आहे अजून?”

“हाये की. माज्या दोन्ही नातींच्या उशाला तोच व्हता.”

“तो आत्ता वजन करता येईल? आत्ता. मी फोनवर बघत असताना.”

यमुनाबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्यांनाही कळू लागलं असावं, कारण त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. पडदा हलू लागला. अंगण, कोंबड्या, उतार, किराणा दुकानाचा फळा.

“काय मावशी, अडकित्ता विकायला काढला का?” दुकानदाराचा आवाज.

“गप. काट्यावर ठेव. आन त्या बाईला आकडा दिसू दे.”

“सोन्याचा असेल तर आधी पॅन कार्ड मागतील...”

“ठेव म्हनते ना.”

लाल आकडे थरथरले आणि थांबले. दोनशे अठ्ठ्याहत्तर.

हेमांगीने दुसऱ्या खिडकीत उगमला तेहतीस बाळांच्या घटीची, रोजची वाढ धरून, सरासरी काढायला लावलं. दोनशे एक्क्याऐंशी.

वीस वर्षांत लोखंड तीन ग्रॅम झिजलं असेल. किंवा दुकानाचा काटा तसा असेल. खरं मोजमाप असंच असतं, जरासं न जुळणारं.

“सोळाशे ऐंशीतून दोनशे ऐंशी,” मणियार पुटपुटत होते. “चौदाशे. दहा भागिले एक पूर्णांक चार. सात. सात पूर्णांक एक.” ते थांबले. “ती बाळं चिवट नव्हती.”

“नाही.”

“त्यांना पुरेसं मिळत होतं.”

“हो.”

“आणि आम्ही...” मणियारांनी तोंडावर हात ठेवला. पंचवीस वर्षांत हजारो आईबापांपुढे शांत राहिलेला माणूस. त्यांचा हात खाली यायला तयार नव्हता. “दहातल्या चौघांना लागू पडत नाही, असं सांगायचो मी. प्रकृती, म्हणायचो. प्रत्येकाची प्रकृती.”

पडद्यावर तीन बटणं होती. ‘ग्राह्य’ दाबलं तर कपाट सहाने उघडणार होतं. ‘अग्राह्य’ दाबलं तर ते बंदच राहणार होतं, आणि इथलंच नव्हे, राज्यातलं प्रत्येक. तिसरं बटण महिन्याभरात कुणी वापरलेलं नव्हतं : ‘नवा प्राथमिक स्रोत नोंदवा’.

उगमने विचारलं : निरीक्षक कोण?

हेमांगीचं नाव आपोआप आलं होतं. तिने ते खोडलं. ती फक्त ऐकणारी होती; तिची जागा दुसऱ्या हातावर. तिने लिहिलं : यमुना लहू भोये, आरोग्यसेविका, आंबेखोरे. मग फोनचं चित्रण जोडलं, वहीची पानं जोडली, दोनशे अठ्ठ्याहत्तर जोडले.

“यमुनाताई, तुम्हाला एकदा बोलावं लागेल. ‘मी स्वतः केलं’ असं.”

“मी सोता केलं,” यमुनाबाई म्हणाल्या. “रोज.”

यंत्राने एकवीस सेकंद घेतले. मणियार दाराशी जाऊन उभे होते, अर्धे बाहेर.

प्राथमिक स्रोत : २
विसंगतीचे कारण सापडले. सुधारित मात्रा : प्रतिकिलो ७.१ मिलिग्रॅम.
उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती?

मणियारांनी परत येऊन अंगठा टेकवला आणि धावत सुटले. चार जिने. लिफ्टची वाट न पाहता.

नोंद

बाळाला सहा पूर्णांक सात मिलिग्रॅम नेवोरिन दिलं तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बारा एकवीसपर्यंत राज्यातल्या दोनशे नव्वद कपाटांनी आकडा बदलला. उगम एका ओळीत कारण देतं. ती ओळ अशी होती : ‘मूळ वजनांत लोखंडी वस्तू समाविष्ट.’ त्यानंतर ग्रंथालयाचा फोन वाजू लागला. हैदराबाद. इंदूर. एका बाईंनी नाव न सांगता विचारलं, “लोखंडी वस्तू म्हणजे काय?” आणि उत्तर पुन्हा एकदा सांगायला लावलं.

यमुनाबाई अजून पडद्यावर होत्या. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. दुकानदार आता विनोद करत नव्हता. त्याने त्यांना पाणी आणून दिलं होतं.

“बाई, माजं चुकलं का?”

“तुम्ही बाळाच्या डोळ्याला जपलंत,” हेमांगी म्हणाली.

“तसं नाय. चुकलं का ते सांगा.”

“तुमचे आकडे बरोबर होते, यमुनाताई. काय मोजलं ते कुणी विचारलं नाही. साहेबांनी नाही, त्यांच्यावर लिहिणाऱ्या चारशे जणांनी नाही. मीही हा निबंध दोन वेळा तपासलाय. प्राथमिक, असा शिक्का मारून ठेवून दिला. वही उघडलीच नाही.”

यमुनाबाईंनी पदराने चष्मा पुसला, पण डोळ्यांना लावला नाही.

“किती बाळं व्हती?”

“चौतीस.”

“माजी नाय. नंतरची. ज्यास्नी कमी पडलं ती.”

आकडा पडद्याच्या कोपऱ्यात होता. उगमने न विचारता काढून ठेवला होता. तिने पडद्याचा तो कोपरा पंज्याने झाकला, जणू यमुनाबाईंना तो तिकडून दिसला असता.

“मला सांगायचं नाय का तुमाला,” यमुनाबाई म्हणाल्या, “का म्हाइतच नाय?”

“माहीत आहे.”

“मंग राहू द्या,” त्या म्हणाल्या. “उद्या सांगा. आज नका.”

दोन वाजता मिथिला आली. टाक्यांवर हात धरून, भिंतीच्या आधाराने, जिन्याने नव्हे तर लिफ्टने. तरी धापा टाकत. केस विस्कटलेले, पायांत रुग्णालयाच्या निळ्या चपला.

“दोन तास, आई.” तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. “दोन तासांत एकदाही नाही थांबली. नर्स म्हणाली, जा, आईला सांगून ये. मणियार सर तिथेच बसलेत, काचेच्या पेटीजवळ. काही बोलत नाहीत. नुसते श्वास मोजतायत.”

हेमांगीने तिला खुर्चीत बसवलं. तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

“सकाळी मी काय बोलले, ते...”

“बरोबर बोललीस.”

मिथिलाने डोकं आईच्या पोटाला टेकवलं. टेबलावरचा कागद तिच्या अगदी समोर होता, वाकड्या आकड्यांचा. १६८०, २७८, १४००, ७.१. तिने तो वाचला, इंजिनियर मुलगी, तिला भागाकार समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे पुस्तकातली मात्रा कमी होती?”

“हो.”

“किती वर्षं?”

“वीस.”

कागदाच्या तळाशी हेमांगीने आणखी एक भागाकार मांडायला घेतला होता. वजन लिहिलं होतं, भागिलेची रेघ ओढली होती, आणि पेन तिथेच ठेवून दिलं होतं. मिथिलाचं बोट सावकाश त्या वजनापर्यंत आलं. हेमांगीने ते बोट धरायचा प्रयत्न केला. तिला उशीर झाला.

मिथिलाने वर पाहिलं.

२०३७ च्या फेब्रुवारीत मिथिलाची पहिली मुलगी जन्मली होती, एक हजार दहा ग्रॅमची. तिला नेवोरिन रोज सकाळी नऊ वाजता, प्रतिकिलो सहा मिलिग्रॅम प्रमाणे, ती जगली ते पाचही दिवस न चुकता दिलं होतं.